जॉबरची दस्तुरी



नोकरी शोधणारा तरुण आणि नोकरी देणारा धनी यांच्यामध्यें एक तिसरा माणूस पुष्कळदां उभा असतो. आज त्याच्या कचेरीवर पाटी असते व तो स्वतःला नोकरभरतीची संस्था म्हणवितो. परंतु हा गृहस्थ नवा नव्हे. मुंबईच्या गिरणगांवांत तो शंभर वर्षांपूर्वींही होता. त्याला जॉबर म्हणत. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. कारण तींत आजच्या उमेदवारानेंही ध्यानांत धरावा असा एक धडा आहे.

कावसजी दावर यांनीं 1854 सालीं मुंबईंत गिरणीसाठीं कंपनी काढली व 1856 पासून ती गिरणी चालूं लागली. पुढें गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसें परळ-लालबागकडे लोटूं लागलीं. मॅनेजरला हीं माणसें ठाऊक नव्हतीं आणि माणसांना गिरणी ठाऊक नव्हती. ही उणीव जॉबरनें भरून काढली. तो खात्यावर देखरेख करी, यंत्र अडलें तर चालूं करी, आणि माणूस ठेवणें वा काढणें हेंही बहुधा त्याच्याच हातीं असे. स्त्रियांच्या खात्यांत हेंच काम नायकीण करी.

गिरणींत रोज कांहीं माणसें गैरहजर असत. त्यांच्या जागीं घ्यावयाचे ते 'बदली'. सकाळीं गिरणीच्या दारापाशीं बदलीवाल्यांची गर्दी होई. जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवी तो आंत जाई. बाकीचे हात हालवीत परत फिरत. हें बोट आपल्याकडे वळावें म्हणून दस्तुरी द्यावी लागे. कधीं जॉबरच्या खाणावळींत जेवावें लागे, कधीं त्याच्याकडूनच व्याजानें पैसे घ्यावे लागत.

माझे आजोबा याच गर्दींत उभे राहिलेले. नोकरी लागल्याचें पत्र गांवीं आलें. पण पहिली मनिऑर्डर यावयास चार महिने लागले, असें आजी सांगे. तोंवरचा पगार दस्तुरींत आणि खाणावळींत गेला होता. तरीही आजोबांनीं त्या जॉबरला कधीं शिवी दिली नाहीं. ते तापानें अंथरुणास खिळले तेव्हां त्यानेंच उसने पैसे दिले व त्यांची जागा राखून ठेवली.

जॉबर केवळ दुष्ट होता असें म्हटल्यानें म्हणूनच कांहीं उलगडत नाहीं. तो सर्वसत्ताधीशही नव्हता. माणसें आणलीं नाहींत तर साचे बंद पडत व त्याची पत जाई. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनीं त्याच्या सत्तेच्या या मर्यादा दाखवून दिल्या आहेत. दोष होता तो व्यवहाराच्या रचनेंत. नेमणुकीची किंमत गरजू माणूस देत होता. आणि प्रत्येक रिकामी जागा म्हणजे नवी दस्तुरी. तेव्हां माणूस कामावर टिकण्यापेक्षां बदलत राहण्यांतच मध्यस्थाचा लाभ होता.

1929 सालीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं मजुरांविषयीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. माणूस ठेवण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा व त्यासाठीं लेबर ऑफिसर नेमावे, अशी शिफारस कमिशननें 1931 सालीं केली. 1935 सालीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं निवडक बदलीवाल्यांना कार्डें देण्याची योजना सुरू केली. सरकारनें 1945 सालीं युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठीं रोजगार विनिमय केंद्रें उघडलीं व 1948 सालीं तीं सर्वांना खुलीं केलीं. परदेशच्या नोकरीसाठीं नोंदणीवाचून भरती करण्यास 1983 च्या कायद्यानें मनाई केली.

कायदे झाले, पण गरज तशीच राहिली. माझ्या एका विद्यार्थ्यानें आखातांतील नोकरीसाठीं आईच्या पाटल्या गहाण टाकून एका एजंटाला पैसे दिले. महिन्याभरानें पाहतो तों कचेरीला कुलूप! तो मला म्हणाला, "गुरुजी, माणूस बोलायला फार चांगला होता." मला आजोबांचा जॉबर आठवला. चांगलें बोलणें हा त्या धंद्याचा पहिला गुण आहे.

मध्यस्थाशिवाय चालत नाहीं हें खरें. प्रामाणिक मध्यस्थ अनोळखी गांवांत दार उघडून देतो. परंतु त्याच्या कचेरींत पाऊल टाकतांच पहिला प्रश्न हा विचारावा, कीं "आपला मेहनताना कोण देतो?" धनी देत असेल तर बोलणें पुढें चालवावें. आपल्याकडेच मागत असेल तर त्याची नोंदणी पाहावी, पावती मागावी, नेमणुकीचा कागद वाचावा, आणि मूळ दाखले त्याच्या हातीं ठेवूं नयेत. गिरणीच्या दाराशीं उभ्या असलेल्या माझ्या आजोबांना हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपणांस ती आहे.