इस्ट्रोजेन व दीर्घ व्यायामातील इंधन-चयापचय

इस्ट्रोजेन, विशेषतः इस्ट्राडायॉल, हे संप्रेरक दीर्घ व्यायामात स्नायूंना मेदाकडे अधिक वळवते. मेदाम्ले तंतुकणिकांत नेऊन जाळणाऱ्या प्रथिनांची क्षमता त्यामुळे वाढते आणि यकृतातून रक्तात येणारे ग्लुकोज घटते. कॅनडातील मार्क टार्नोपोल्स्की व सहकाऱ्यांनी 1990 मध्ये तुल्य प्रशिक्षणाच्या स्त्रीपुरुषांना 15.5 किमी धावायला लावले. पुरुषांचे स्नायूतील ग्लायकोजेन सुमारे 25 टक्के अधिक खर्ची पडले. पुढे पुरुषांना इस्ट्राडायॉल दिल्यावर त्यांचा ग्लुकोजवापर उतरला, पण ग्लायकोजेन दरवेळी वाचलेच असे नाही. मासिक पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनही वाढते व ते काही बाबतींत विरुद्ध काम करते; शिवाय धावण्यापूर्वी काय खाल्ले, यानेही चित्र पालटते. त्यामुळे पाळीच्या तारखांवर आहाराचा काटेकोर तक्ता बेतणे घाईचे ठरते.

तीव्रता वाढली की कर्बोदकांचाच वाटा वरचढ होतो. बंगळूरूत 2008 पासून होणाऱ्या 10 किमी शर्यतीत अव्वल धावपटू अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचतात. तिथे स्त्रीपुरुषांच्या इंधनवापरातील हा फरक जवळजवळ दिसत नाही. 42.195 किमीच्या मॅरेथॉनमध्ये, ग्लायकोजेन आटत असताना, तो अधिक अर्थपूर्ण ठरतो.