रथ तोच, चाके नवी

कुंभकोणमला मी गेलो होतो ते सर टी. माधवराव यांचे जन्मगाव पाहण्यासाठी. १८२८ साली तंजावरच्या मराठी समाजात जन्मलेला हा प्रशासक पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. परतलो मात्र मोटारगाड्यांचा एक जुना प्रश्न मनात घेऊन.

त्याचे कारण शार्ङ्गपाणीचा रथ. या मंदिराचे गर्भगृहच रथाच्या आकाराचे आहे. उत्सवाचा भव्य लाकडी रथ वेगळा. तमिळमध्ये त्याला ‘तेर’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘टेम्पल कार’. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते वयोवृद्ध गृहस्थ तंजावरी मराठी बोलणारे. जवळच्या तिरुवारूरच्या प्रचंड रथाला तिरुचिरापल्लीच्या ‘भेल’ कारखान्याने पोलादी चाके व हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मी विचारले, मग तो रथ जुना कसा म्हणायचा? ते हसून म्हणाले, “एक लाकूड बदलते तेव्हा बाकीची सारी लाकडे साक्षीला असतात.”

हे ऐकले आणि मला माझी एक जुनी सही आठवली.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शहरात जुन्या मोटारींची स्पर्धा होती. छाननी समितीवर सरकारी प्रतिनिधी म्हणून मला बसवले होते. एका वृद्ध मालकाने आपली गाडी ‘विंटेज’ गटात, म्हणजे १९३० पर्यंतच्या गाड्यांत दाखल केली. नोंदणीपुस्तिकेत वर्ष होते १९४९. ते म्हणाले, गाडी संस्थानची. विलीनीकरणानंतर नवी नोंद झाली आणि संस्थानी कागद हरवले. चॅसीवरचा क्रमांक ते पुन्हा पुन्हा दाखवत होते. आम्ही पुस्तिका प्रमाण मानली. मी सही केली. ते गाडी घेऊन मुकाट्याने निघून गेले. चॅसी क्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष काढता येते, निर्मात्यांच्या दप्तरात तशा नोंदी असतात, हे मला नंतर कळले. एक पत्र लिहून विचारता आले असते.

वयाची अट वरवर सर्वांत सोपी वाटते. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ने १९३० ची सीमा धरली. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध फेरीत १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्याच चालतात. तारीख निश्चित आहे. पण ती कोणत्या घटनेची मोजायची? बनल्याची, विकल्याची की नोंदल्याची?

हा प्रश्न केवळ यंत्रांचा नाही. १८६९ साली लंडनच्या सिव्हिल सर्व्हिस परीक्षेत चार भारतीय उत्तीर्ण झाले. त्यांपैकी सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून यादीतून काढण्यात आली. बॅनर्जींच्या मॅट्रिकच्या नोंदीत वय सोळा होते. पण आपल्याकडे चालू वर्ष मोजतात, इंग्रज पूर्ण झालेले वर्ष मोजतात. कागद खोटा नव्हता, तो वाचणाऱ्याला मोजण्याची रीत ठाऊक नव्हती. प्रकरण न्यायालयात गेल्यावर दोघांनाही परत घ्यावे लागले. त्या दोघांचे वय कागदाने वाढवले होते. माझ्यासमोरच्या गाडीचे वय कागदाने घटवले होते.

वय ठरले तरी दुसरा, अधिक बिकट प्रश्न उरतो : गाडी तीच आहे का? १९२९ आणि १९३० साली ल मानची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली पुढे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. ती अस्सल नाही, असे म्हणत खरेदीदाराने माघार घेतली. मूळ विजयी गाडीचे फारच थोडे भाग तीत उरले होते, हे खरेच होते. तरीही १९९० साली लंडनच्या न्यायमूर्ती ऑटन यांनी ती त्याच नावाने ओळखली जावी असा निर्णय दिला. भाग टप्प्याटप्प्याने बदलले, पण गाडीचा इतिहास कुठेही तुटला नव्हता. कुंभकोणमच्या आजोबांनी एका वाक्यात सांगितले ते हेच.

आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्या पात्र ठरतात. त्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, आणि नोंदणी दहा वर्षांची असते. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशीही अट आहे. वयाचा वाद येथे बहुतांशी मिटतो. १९३० असो वा १९४९, दोन्ही गाड्या पात्रच. पण नव्वद वर्षे रस्त्यावर राहिलेल्या गाडीची डागडुजी कोठे संपते आणि फेरबदल कोठे सुरू होतो, हे अखेर समितीलाच ठरवावे लागणार.

अशा समितीवर बसणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. नियम कशाच्या रक्षणासाठी केला आहे, हे आधी ठरवा : लोखंडाच्या की इतिहासाच्या. इतिहासाच्या असेल, तर नोंदणीपुस्तिका हा एक साक्षीदार आहे, एकमेव नव्हे. चॅसीचा क्रमांक, निर्मात्याचे दप्तर, जुनी छायाचित्रे, दुरुस्तीच्या पावत्या यांनाही बोलू द्या. आणि ‘नाही’ म्हणण्यापूर्वी अर्जदाराला पुरावा आणण्यास मुदत द्या.

ते वृद्ध मालक पुन्हा कधी भेटले नाहीत. त्यांच्या गाडीचा क्रमांक मला आठवत नाही. पण काही न बोलता त्यांनी गाडीचे दार लावले होते, तो आवाज अजून आठवतो.