सर्पगंधेची साक्ष

आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. जिनिंग व लोखंडाच्या कारखान्यांतील मजुरांची संघटना बांधण्यात आमचे आयुष्य गेले. जे वाचले ते रात्री, वाचनालयाच्या पुस्तकांतून. तरीही हा विषय घेतला, कारण जालन्याच्या बाजारात जडीबुटीवाल्यापुढे उकिडवा बसलेला गिऱ्हाईक बहुधा आमचाच माणूस असतो. रात्रपाळीने झोप उडालेली, सावकाराचा तगादा, डोके तापलेले. त्याला मुळी मिळते, आणि तो ती मुकाट्याने खातो.

या मुळ्यांत सर्पगंधेची हकीकत खरोखर ऐकण्यासारखी आहे. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण छापून मांडला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटले. जगाने मात्र कान दिला तो १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध विलायतेच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात आला तेव्हा. (आपल्या घरचे सोने विलायतेत कसाला लागावे लागते, ही जुनीच रड.) १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन निघाले, १९५४ साली न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे अनुभव प्रसिद्ध केले.

पुढचा भाग बाजारात कोणी सांगत नाही. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रोगी खिन्न झाले, अशी टिपणे त्याच दशकात येऊ लागली. उलट, १९५५ साली लंडनमध्ये डेव्हिस व शेफर्ड यांनी चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी करून काहींना खरी, काहींना खोटी गोळी दिली, तेव्हा चिंताग्रस्त रोग्यांना रेसर्पिनने बरे वाटले. ते खिन्नतेचे बालंट कितपत खरे, याचा निकाल आजही पुरता लागलेला नाही. परंतु १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने सुस्त पडलेले प्राणी एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले, आणि मेंदूतील रसायनांचा शोध त्या वाटेने पुढे गेला.

ब्राह्मी, जटामांसी यांची नावे ग्रंथांत मोठी. अश्वगंधेवर अलीकडे चाचण्या झाल्या; बहुतेक थोड्या माणसांवर व थोड्या आठवड्यांच्या.

आमच्या संघटनेतील भट्टीवरचा एक गडी डॉक्टरची रक्तदाबाची गोळी आणि बाजारची मुळी, दोन्ही घेत होता. एकदा पाळीतच घेरी येऊन पडला. आणखी काय घेतोस, असे डॉक्टरांनी दोनदा विचारले, हा गप्प. शेवटी आम्हीच त्याच्या खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली.

“साहेब, ते औषध थोडंच आहे?” तो म्हणाला. “ती तर मुळी आहे.”