माउथनरची पेशी

चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, उथळ पाण्यात मासोळ्यांचा थवा दिसला की एक खडा टाकून बघा. 'डुबुक्' ऐकू येतं तोवर थवा फुटलेला असतो. वळताना कुणी दिसत नाही, दिसतं ते रिकामं पाणी. ही चपळाई मुख्यतः ज्या पेशींची, त्यांना नाव मात्र एका डोळ्यांच्या डॉक्टरचं आहे.

१८५९ साली व्हिएन्नात, तेव्हा विशीही न गाठलेल्या लुडविग माउथनरला माशाच्या मज्जारज्जूत दोन तंतू दिसले. बाकीच्यांच्या मानाने चांगलेच जाड. पुढे तो नेत्रवैद्य म्हणून नावारूपाला आला. हे तंतू मेंदूच्या मागच्या भागातल्या दोन मोठ्या पेशींचे, एक डावीकडची आणि एक उजवीकडची, हे इतरांनी उलगडलं. नाव मात्र पहिल्याचंच चिकटलं. चांगदेवजवळच्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, पण या पेशीचं बारसं पुन्हा कुणी केलं नाही.

डावीकडे धक्का बसला की डावी पेशी एकदाच ठिणगी टाकते. तिचा तंतू मेंदूतच पलीकडे ओलांडून शेपटीपर्यंत जातो, म्हणून आवळतात ते उजवे स्नायू. मासा धनुष्यासारखा वाकतो आणि धोक्यापासून दूर सुटतो. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास सुरू होतं. दोन्ही पेशी एकदम पेटल्या तर मासा जागीच ताठरेल, म्हणून शेजारच्या पेशी त्यांना लगाम घालतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फर्शपन आणि फुरुकावा या संशोधकांनी गोल्डफिशमध्ये हा लगाम विजेच्या नोंदींत पकडला. मला खरा निर्णय तिथेच दिसतो: पळण्यापेक्षा, कधी पळू नये हे ठरवण्यात.

या पेशी मारल्या तरी मासा पळतोच, फक्त जरा उशिरा. जवळच्या पेशी काम उचलून धरतात. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांतही या पेशी असतात.

पण चपळाई इतकी ठरीव असली की तिचा अंदाजही बांधता येतो. आग्नेय आशियातला, तोंडावर दोन मिशा असलेला एक पाणसाप माशाला वेढ्यात घेतो आणि आधी आपलं अंग किंचित हलवतो. मासा त्या हालचालीपासून दूर वळतो. नेमका सापाच्या तोंडाकडे.