एक तारीख, अनेक नावे : १७ सप्टेंबरचा प्रश्न

इंदूरच्या भंवरकुआं परिसरात स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर्गांची दाटी आहे. तेथील विद्यार्थ्यास स्वातंत्र्याची तारीख विचारली, तर १५ ऑगस्ट १९४७ हेच उत्तर मिळेल. होळकर संस्थान त्याच सुमारास सामीलनाम्याने भारतात आले. बिदर जिल्ह्यातील भालकी वा औरादच्या मराठी घरांत मात्र आणखी एक तारीख जपली गेली : १७ सप्टेंबर १९४८.

या फरकाचे मूळ कायद्यात आहे. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमाच्या कलम ७ ने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता संपवली; ती भारत सरकारकडे सोपवली नाही. निजामाने याच पोकळीचा आधार घेतला आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी केवळ ‘जैसे थे’ करार केला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेस लढत राहिली. रझाकारांचा जुलूम वाढला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व पाचव्या दिवशी निजामाने माघार जाहीर केली.

काटेकोरपणे पाहता हा विलीनीकरणाचा दिवस नव्हे. राज्यघटना स्वीकारण्याचे फर्मान निजामाने २३ नोव्हेंबर १९४९ रोजी काढले, आणि २६ जानेवारी १९५० पासून तोच राजप्रमुख झाला. शिवाय कारवाईच्या सुमारास व नंतर असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे. दिवसाच्या नावावर एकमत होत नाही, त्यामागे हेही कारण आहे.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटले गेले आणि दिवसही वाटला गेला. महाराष्ट्रात तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ आहे. कर्नाटकात पूर्वीचा ‘हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन’ आता ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ झाला. तेलंगणाने २०२२ मध्ये ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हटले, तर २०२४ मध्ये ‘प्रजा पालन दिन’; केंद्र सरकार ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणते.

‘विमोचन’ जाऊन ‘उत्सव’ आला, की कोणापासून सुटका झाली आणि त्यासाठी कोण लढले, हे प्रश्नच मागे पडतात. बिदरच्या मराठी भाषकांचा त्या लढ्यातील वाटा महाराष्ट्राच्या समारंभात येत नाही, कर्नाटकाच्याही नाही. सरकारी नावे बदलत राहतील. ज्यांच्या घरी त्या वर्षाच्या आठवणी, पत्रे वा तुरुंगाचे कागद आहेत, त्यांनी ते मराठीत लिहून, जपून ठेवावेत. पुराव्यावाचून उभा राहिलेला दावा न्यायालयात टिकत नाही. इतिहासातही टिकणार नाही.