काळ्या पाण्यावरची कुऱ्हाड

अंदमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर तुरुंग उभा राहतो. पण तो पुरा झाला १९०६ साली. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे काळे पाणी म्हणजे मुख्यतः जंगलतोड होती. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे कैद्यांसह तेथे उतरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या चांद्यात बाबुराव शेडमाके फासावर गेले.

चॅथम बेटावर पाणी पुरेना, म्हणून ठाणे रॉस बेटावर हलले. ते बेट चांद्याच्या परकोटात कितीदा तरी मावेल! त्यावरचे रान कैद्यांनीच तोडले. अहेरीकडच्या जंगलात पावसाळा काढलेल्यांना त्याची कल्पना सांगावी लागणार नाही.

कित्येक पळाले. त्यांतल्या दूधनाथ तिवारी नावाच्या शिपायाला रानातल्या अंदमानी लोकांनी ठेवून घेतले. वर्षभर तो त्यांच्यात राहिला, लग्नही केले. मे १८५९ मध्ये ते ॲबर्डीनच्या वसाहतीवर चालून निघाले, तेव्हा हा परतला व त्याने साहेबाला खबर दिली. तिरकमठे बंदुकांपुढे टिकले नाहीत. १८६० मध्ये दूधनाथला माफी मिळाली. आम्ही जन्मभर मजुराची बाजू घेत आलो, पण येथे आमची जीभ अडखळते. कारण आदल्याच महिन्यातील हल्ल्यात याच अंदमान्यांनी बेडीवाल्या कैद्यांना बाजूला होण्यास खुणावले आणि लाल पागोट्याचे मुकादम तेवढे हुडकले, अशी नोंद आहे.