डावा माग, उजवा माग

दर रविवारी पाच-सहा पोरं भिवंडीच्या पद्मानगरातल्या आमच्या घरी गेम बनवायला शिकायला येतात. परवा एकानं विचारलं, "अण्णा, एकच गेम मोबाइलवर पण आणि कॉम्प्युटरवर पण चालवायची आयडिया पहिली कोणाची?" पुस्तकी उत्तर तयार होतं: १९९५ साली आलेली जावा ही प्रोग्रामिंगची भाषा. ते न देता मी माळ्यावर चढलो आणि नान्नांची, म्हणजे माझ्या वडिलांची, डॉबीची माळ खाली काढली.

नान्ना डॉबीचे मिस्त्री होते. डॉबी यंत्रमागाच्या एका टोकाला, वरच्या बाजूला बसते. तिच्यावर लाकडी पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीला भोकं असतात आणि काही भोकांत खुंट्या ठोकलेल्या असतात. खुंटी आली की ताण्याच्या धाग्यांची चौकट उचलली जाते. रिकामं भोक आलं की ती खालीच राहते. पोरांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. "एक आणि शून्य!" म्हणत त्यांनी माळ हातोहात फिरवली आणि वंगणानं काळे झालेले हात माझ्याच टॉवेलला पुसले.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कापडाचं काम भिवंडीकडे वळलं. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही आले. त्यामुळे एकाच पत्र्याखाली चार तऱ्हांची यंत्रं: कुठल्या डॉबीच्या पट्टीवर भोकांची एक ओळ, कुठल्या पट्टीवर दोन. त्यात एकाच कामगारानं चार-सहा माग बघायचे, म्हणून माग जोडीनं उभे असत. एकाचं हँडल डावीकडे, शेजारच्याचं उजवीकडे.

एकदा घाईत नान्नांनी उजव्या मागाची माळ तशीच डाव्यावर चढवली. धागा तुटला नाही, माग अडला नाही, कापड झकास निघालं. फक्त ट्विलची तिरकी रेघ उलट्या अंगाला पडली. व्यापाऱ्यानं तागे परत पाठवले आणि त्या आठवड्याची मजुरी बुडाली.

त्यानंतर त्यांनी गणिताची चौकटीची वही घातली. लाल पेन्सिलीनं भरलेला चौकोन म्हणजे उचल. माग डावा की उजवा, पट्टीवर ओळ एक की दोन, यातलं काहीही वहीत नसायचं. ते माळ भरताना बघायचं. डिझाइन वहीत एकदाच, माळा मागागणिक वेगळ्या. घरी तेलुगू, कारखान्यात हिंदी आणि माझ्या शाळेच्या दारात मराठी बोलणाऱ्या माणसाला हे सुचलं, याचं मला नवल वाटत नाही.

मला मात्र हे उशिरा कळलं. २००५च्या सुमारास आम्ही दोघं मित्र जावावर मोबाइलचे गेम लिहायचो. एकदा लिहा, कुठेही चालवा, असा त्या जावाचा दावा. प्रत्यक्षात नोकियाच्या साध्या फोनचा पडदा १२८ बाय १२८, तर ६६००चा १७६ बाय २०८. पडद्याखालच्या डाव्या-उजव्या बटणांचे आकडे नोकियात उणे ६ आणि उणे ७, मोटोरोलात उणे २१ आणि उणे २२. आम्ही हे आकडे थेट गेमच्या पोटात कोंबले होते. मोटोरोलावर गेम छान सुरू झाला, बटणं मात्र मुकी. नान्ना शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "डाव्याची माळ उजव्यावर घातलीस."

भोकांनी यंत्राला हुकूम देण्याची युक्ती फ्रान्सातल्या ल्योंच्या विणकरांची. १७२५ साली बूशाँनं भोकांची कागदी पट्टी वापरली, १८०४ साली जॅकारनं भोकांच्या कार्डांवर चालणारा पक्का माग केला आणि पुढे बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी तीच कार्डं घ्यायचं ठरवलं. हे पुस्तकांत सापडतं. नान्नांची वही कुठल्याच पुस्तकात नाही.

आमची पोरं आता गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरतात. ते एकाच प्रकल्पातून विंडोज, अँड्रॉइड आणि ब्राउझरसाठी वेगवेगळ्या माळा भरून देतं. बटणांना नावं द्यायची, आकडे नाहीत, हा आमच्याकडचा पहिल्या रविवारचा धडा.

भिवंडीत जुने माग किलोच्या भावानं भंगारात चाललेत. तुमच्या कारखान्यातले देणार असाल तर लोखंड खुशाल द्या. माळा आणि मिस्त्रींच्या चौकटीच्या वह्या तेवढ्या बाजूला काढून ठेवा.